गव्हावाचून सकस न्याहारी : रेवदंड्याच्या शिदोरीतील ग्रॅनोला

अलिबागहून चौलमार्गे दक्षिणेकडे जाणारा रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांतून रेवदंड्यास पोहोचतो. कुंडलिका नदीच्या मुखाशी वसलेले हे गाव १७४० पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होते आणि त्यांची तटबंदी आजही गावाला वेढून उभी आहे. पाव हा पदार्थ या देशात रुजला तो याच पोर्तुगीजांमुळे. तथापि रेवदंड्याच्या स्वयंपाकघरात खरे राज्य राहिले ते तांदळाचेच. भात, तांदळाची भाकरी, घावन, पोहे आणि त्यांच्या सोबतीला नारळ हाच पूर्वीच्या कुलाबा आणि १ जानेवारी १९८१ पासून रायगड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याच्या किनारपट्टीचा परंपरागत आहार होय.

पुढे शहरांशी वाढलेला संबंध, रास्त भाव दुकानांतून मिळणारे धान्य आणि बेकरीचे पदार्थ यांमुळे गहू येथेही घरोघरी पोहोचला. बहुसंख्य लोकांच्या दृष्टीने त्यात वावगे असे काही नाही. परंतु ज्यांच्या शरीरास गहू सोसत नाही, त्यांच्यासाठी किनाऱ्यावरील हा जुना आहार आज नव्याने मोलाचा ठरत आहे.

गहू कोणास वर्ज्य?

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचा प्रथिनांचा समूह असतो. कणीक मळताना तिला जो चिवटपणा येतो, तो या ग्लुटेनमुळेच. काही व्यक्तींमध्ये ग्लुटेन पोटात गेल्यावर शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे आतड्यातील सूक्ष्म केसाळ आवरण त्यामुळे झिजते आणि पोटभर खाऊनही अन्न अंगी लागत नाही. या विकारास सीलिॲक असे म्हणतात. वारंवार जुलाब होणे, पोट फुगणे, रक्तक्षय, हाडे ठिसूळ होणे आणि लहान मुलांची वाढ खुंटणे ही त्याची प्रमुख लक्षणे होत. लक्षणे सर्वसाधारण असल्याने मूल केवळ अशक्त आहे असे समजून वर्षानुवर्षे टॉनिके देण्यात येतात आणि मूळ कारण मात्र ताटातच राहते.

हे कारण उघडकीस आले ते हॉलंडमध्ये. विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांना गव्हाविषयी आधीपासूनच शंका होती. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात तेथे भीषण अन्नटंचाई निर्माण होऊन पाव दुर्मीळ झाला, तेव्हा या विकाराची मुले सुधारू लागल्याचे आणि पाव पुन्हा मिळू लागताच ती खालावल्याचे त्यांना आढळून आले. १९५० मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रबंधरूपाने मांडले. आजही या विकारावर प्रस्थापित उपाय एकच आहे, तो म्हणजे आहारातून ग्लुटेन आजन्म वगळणे.

येथे एक सूचना महत्त्वाची आहे. केवळ शंकेवरून गहू बंद करू नये. रक्ततपासणी आणि आवश्यकता भासल्यास आतड्याची तपासणी होईपर्यंत नेहमीचा आहार चालू ठेवावा लागतो. अन्यथा तपासणीत विकार दिसून येत नाही. म्हणून प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि मगच पथ्यास प्रारंभ करावा.

ग्रॅनोला म्हणजे काय?

भाजलेले धान्य, दाणे, बिया व सुका मेवा गोड पाकात घोळवून, कुरकुरीत करून दुधाबरोबर किंवा दह्याबरोबर खावयाचा पदार्थ म्हणजे ग्रॅनोला. त्याचा पूर्वज १८६३ मध्ये अमेरिकेत जेम्स कॅलेब जॅक्सन यांनी आपल्या आरोग्यधामात तयार केला. तो कोंड्यासह दळलेल्या गव्हाच्या पिठाचा होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे या पदार्थात ओट हे धान्य मुख्य झाले. ओटमध्ये मूलतः गहू नसला तरी शेतात, वाहतुकीत व गिरणीत त्यात गव्हाची भेसळ सहज होते. त्यामुळे ग्लुटेनमुक्त असा स्पष्ट उल्लेख नसलेले ओट पथ्यकऱ्यांनी टाळणेच इष्ट. खात्रीचा माल बाजारात मिळतो. पण तो महाग पडतो आणि सर्वत्र मिळतोच असे नाही.

किनाऱ्यावरील गृहिणीस मात्र ओटवाचून अडण्याचे कारण नाही. पोहे, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी आणि राजगिरा यांपैकी कशातही ग्लुटेन नाही. नाचणीत तर दर १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम इतके कॅल्शियम असते. आतडे झिजल्याने ज्यांची हाडे दुर्बल झाली आहेत, त्यांना तिचा विशेष लाभ होतो.

मलिद्याची परंपरा

पोहे, नारळ आणि सुका मेवा यांचा मेळ रेवदंड्यास नवा नाही. या परिसरात शतकानुशतके राहिलेल्या, तेलाच्या घाण्याचा व्यवसाय करणाऱ्या आणि शनिवारी काम बंद ठेवीत असल्याने शनिवार तेली म्हणून ओळखल्या गेलेल्या बेने इस्राएल समाजाचे प्रार्थनामंदिर रेवदंड्यात आहे. १९४८ नंतर या समाजातील बहुतेक कुटुंबे इस्राएलमध्ये स्थायिक झाली. परंतु मराठी भाषेप्रमाणेच त्यांनी मलिदाही सोबत नेला. एलियाहू हनाबी अर्थात संदेष्टा एलिया यांच्या स्मरणार्थ, मंगलप्रसंगी अथवा नवस फेडताना तो करतात. भिजवलेल्या पोह्यांत ओले खोबरे, साखर, वेलची आणि सुका मेवा घालून, सोबत फळे मांडून हा मलिदा सर्वांना वाटण्यात येतो. अन्यत्र पोळी कुस्करून गुळात कालवलेल्या पदार्थासही मलिदा म्हणतात. त्यात गहू असतो. पोह्यांच्या मलिद्यात तो नसतो.

ओल्या खोबऱ्याचा मलिदा त्याच दिवशी संपवावा लागतो. तेच घटक सुक्या स्वरूपात भाजून ठेवले, की टिकाऊ ग्रॅनोला तयार होतो.

साहित्य व कृती

जाडे पोहे ३ वाट्या, ज्वारीच्या लाह्या १ वाटी, राजगिऱ्याच्या लाह्या अर्धी वाटी, शेंगदाणे अर्धी वाटी, तीळ व लाल भोपळ्याच्या सोललेल्या बिया प्रत्येकी पाव वाटी, सुक्या खोबऱ्याचे पातळ काप पाऊण वाटी, भाजलेल्या नाचणीचे पीठ २ मोठे चमचे, चिरलेला गूळ पाऊण वाटी, तूप २ मोठे चमचे, वेलची व सुंठ यांची पूड आणि चिमूटभर मीठ एवढे साहित्य घ्यावे. मनुका अथवा वसईकडील राजेळी केळ्यांच्या सुकेळीचे तुकडे आवडीप्रमाणे घ्यावेत.

प्रथम पोहे जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर परतावेत. बोटांनी दाबताच तुटू लागले म्हणजे ते झाले असे समजावे. शेंगदाणे, तीळ, बिया आणि खोबरे ही वेगवेगळी भाजावीत, कारण प्रत्येकास लागणारा वेळ निराळा आहे. खोबरे फिकट बदामी होताच उतरवावे. हे सर्व जिन्नस, लाह्या, नाचणीचे पीठ, सुंठ-वेलची आणि मीठ एकत्र करावे.

गुळात ३ मोठे चमचे पाणी घालून तो विरघळवावा, गाळून घ्यावा व तूप घालून उकळावा. पाकाचा थेंब पाण्यात टाकल्यावर त्याची मऊ गोळी झाली, की आच बंद करून त्यात मिश्रण घोळवावे. मग ते पुन्हा कढईत अगदी मंद आचेवर ५ ते ७ मिनिटे सतत हलवीत कोरडे करावे. भट्टीची सोय असल्यास ताटात पसरून १५० अंश सेल्सिअसवर सुमारे १५ मिनिटे ठेवावे आणि मध्ये एकदा हलवावे. पूर्ण थंड झाल्यावरच ते कुरकुरीत होते. त्यानंतर मनुका वा सुकेळी मिसळून घट्ट झाकणाच्या बरणीत भरावे. हा ग्रॅनोला दोन-तीन आठवडे टिकतो. पावसाळ्यात किनाऱ्यावरील हवा दमट असल्याने थोड्या प्रमाणात करणे श्रेयस्कर.

न्याहारीस एक लहान वाटी पुरेशी होते. गूळ व खोबरे यांमुळे हा पदार्थ जड असतो. मधुमेहींनी गुळाचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. उपचाराच्या आरंभी काहींना दूधही पचत नाही. अशा वेळी ग्रॅनोला नारळाच्या दुधाबरोबर किंवा नुसताच खावा.

खरी परीक्षा शुद्धतेची

घटक सोपे असले तरी पथ्य मोडते ते नकळत. ज्या गिरणीत गहू दळला जातो, तेथेच पाठोपाठ नाचणी दळून आणल्यास तिच्यात गव्हाचे पीठ उतरते. म्हणून नाचणी घरच्या जात्यावर अथवा केवळ त्याच कामासाठी ठेवलेल्या यंत्रावर दळावी. कणकेची चाळणी, लाकडी पोळपाट-लाटणे आणि डबे यांतही पीठ चिकटून राहते. पथ्याच्या अन्नासाठी ही साधने वेगळी असावीत. बाजारातील बांधानी हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो. त्यामुळे याच पोह्यांचा तिखट चिवडा करावयाचा झाल्यास हिंग वेष्टनावरील घटक वाचून निवडावा अथवा वगळावा. मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि सातूचे पीठ यांतही गहू किंवा जव असण्याचा संभव असतो.

ही सावधगिरी अवाजवी नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार ग्लुटेनमुक्त म्हणून विकावयाच्या अन्नात दर किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन असता कामा नये. एका किलोत २० मिलिग्रॅम म्हणजे पन्नास हजारांत एक भाग! चमचाभर कणीक बरणीभर खाऊ निरुपयोगी करण्यास पुरेशी ठरते. म्हणूनच घरगुती व्यवसाय म्हणून ग्रॅनोला तयार करू इच्छिणाऱ्या महिला बचत गटांनी अन्न परवान्याची व नोंदणीची पूर्तता करावी आणि मालाची प्रयोगशाळेत तपासणी झाल्याखेरीज वेष्टनावर ग्लुटेनमुक्त असे छापू नये. त्या शब्दावर विसंबून कोणी आई आपल्या आजारी मुलाच्या हाती वाटी देणार असते.

भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले आणि नाचणी-ज्वारीचे महत्त्व जगापुढे आले. रेवदंड्याच्या वाड्यांतील नारळ, खाचरांतील भात आणि डोंगरउतारावरील नाचणी यांची ही शिदोरी पूर्वापार घरातच आहे. ती स्वच्छ हातांनी आणि वेगळ्या भांड्यांत जपून ठेवली, तर ज्या मुलास गव्हाची पोळी वर्ज्य आहे, तेही इतर भावंडांच्या पंगतीस बसून तोच खाऊ निर्धास्तपणे खाऊ शकेल.