तेझेच्या टेकडीवरील मौन

पंधरा-सोळा वर्षांचे मूल घरातील प्रार्थनेच्या वेळी आपल्या खोलीचे दार लोटून घेऊ लागले, की आईवडिलांच्या मनात कालवाकालव होते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन-तीन दशकांत पश्चिम युरोपातील असंख्य ख्रिस्ती घरांनी ही कालवाकालव अनुभवली. ज्यांचा रीतसर बाप्तिस्मा झाला होता, ज्यांनी लहानपणी घरातील वडीलधाऱ्यांकडून प्रभूची प्रार्थना मुखोद्गत केली होती, तीच मुले मोठी होताच चर्चचा उंबरठा ओलांडेनाशी झाली. त्यांना परत आणण्यासाठी कोणी प्रवचने वाढविली, कोणी उपासनेत गिटार आणली, कोणी सहली आणि खेळ यांचा आधार घेतला. फ्रान्समधील एका लहानशा खेड्यात मात्र त्याच काळात काही निराळे घडत होते. तेथे तरुण मुले आपण होऊन येत होती, दिवसातून तीन वेळा जमिनीवर बसून प्रार्थना करीत होती, आणि त्या प्रार्थनेत प्रवचनाचा एक शब्दही नव्हता. त्या खेड्याचे नाव तेझे.

बर्गंडी प्रांतातील एका टेकडीवर हे गाव वसले आहे. जवळच क्लूनी आहे. इ.स. ९१० मध्ये स्थापन झालेल्या तेथील मठाचे नाव मध्ययुगात साऱ्या युरोपात दुमदुमत होते. आज त्याचे थोडेच अवशेष उभे आहेत. १९४० च्या ऑगस्ट महिन्यात रॉजर शुट्झ नावाचा २५ वर्षांचा स्विस तरुण या परिसरात सायकलवरून घर शोधत आला. तो प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाचा मुलगा. किशोरवयात क्षयरोगाने त्याला दीर्घकाळ अंथरुणास खिळविले होते आणि त्याच सुमारास आपली श्रद्धा हरवल्याचा अनुभवही त्याने घेतला होता. पुढे हजारो मुलांच्या शंका त्याने कधी कपाळाला आठ्या न घालता ऐकल्या, त्याचे मूळ कदाचित या जुन्या दुखण्यात असावे.

तेझेची निवड त्याने का केली, याची कथा साधी आहे. गाव ओसाड पडत चालले होते. तेथील एका वृद्धेने त्याला जेवू घातले आणि म्हटले, की आम्ही फार एकाकी आहोत, तू येथेच राहा. त्याने घर विकत घेतले. फ्रान्सचे तेव्हा दोन तुकडे झाले होते आणि हद्दीची रेषा गावापासून दूर नव्हती. जर्मन अमलातून निसटून आलेले निर्वासित, त्यांत अनेक ज्यू, या घरात आसरा घेऊ लागले.

या दिवसांतील एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. पण पुढे जे घडले त्याचे बीज तिच्यात आहे. आश्रयाला आलेल्यांपैकी काही ज्यू होते, तर काही देवच न मानणारे. आपण मोठ्याने प्रार्थना केली तर या निराधार माणसांना आपणही तिच्यात सामील व्हावे असे दडपण वाटेल, म्हणून रॉजर एकट्यानेच प्रार्थना करी. स्तोत्रे गावीशी वाटली तर तो घरापासून दूर, रानात जाऊन गाई. अन्नाच्या बदल्यात कोणाच्या तोंडून देवाचे नाव वदवून घ्यायचे नाही, एवढी जाण त्या तरुणाला होती.

१९४२ मध्ये घराचा सुगावा लागला. रॉजर तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये होता. त्याला १९४४ पर्यंत परतता आले नाही. परतल्यावर त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी जवळच्या छावणीतील जर्मन युद्धकैद्यांना आपल्यातले अन्न दिले. कालच्या शत्रूला असे जेवू घालणे शेजाऱ्यांना रुचणे कठीणच होते. १९४९ च्या ईस्टरला सात जणांनी ब्रह्मचर्य, सामाईक मिळकत आणि साधी राहणी यांची आजन्म प्रतिज्ञा घेतली. हा बंधुसंघ सुरुवातीला प्रोटेस्टंटांचा होता. पुढे कॅथॉलिकही त्यात आले. आज सुमारे ३० देशांतील बंधू तेथे एकत्र नांदतात. एकमेकांची उपासना शतकानुशतके त्याज्य मानणाऱ्या दोन पंथांनी एका छपराखाली राहावे, हाच मुळी या संघाचा पहिला उद्देश होता. तरुणांसाठी केंद्र काढावे, असे त्यांच्या मनातही नव्हते.

व्यापारी कुटुंबांना संघाचा व्यवहार विशेष लक्षणीय वाटेल. बंधू देणग्या घेत नाहीत. कोणा बंधूला वडिलोपार्जित वाटा मिळाला तरी तो संघासाठी ठेवला जात नाही, गरजूंना दिला जातो. मातीची भांडी, पुस्तके आणि अशाच हातच्या कामावर त्यांचा चरितार्थ चालतो. येणारी मुले राहण्या-जेवणाच्या खर्चाचा वाटा उचलतात आणि त्याची रक्कम त्यांच्या देशाच्या ऐपतीप्रमाणे कमीजास्त असते. जेवण वाढणे, भांडी घासणे, स्वच्छतागृहे धुणे ही कामेही मुलेच करतात. घरी ताटावरून हात न धुता उठणारा मुलगा तेथे शंभर जणांची भांडी विसळतो आणि लगेच प्रार्थनेला जाऊन बसतो. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध कोणी त्याला समजावून सांगत नाही.

मुलांचा ओघ १९६० नंतर वाढला. १९६२ मध्ये टेकडीवर ‘सलोख्याचे चर्च’ उभे राहिले. ते बांधण्यास जर्मन तरुण आले होते. युद्धात आपल्या देशाच्या हातून झालेल्या पापाचे परिमार्जन म्हणून त्यांनी हे श्रम केले. हे चर्च प्रथम फार मोठे वाटले होते. १९७१ च्या ईस्टरला इतके तरुण लोटले, की समोरची भिंत पाडून तिला सर्कशीचा तंबू जोडावा लागला.

एवढी मुले तेथे नेमके काय करतात? सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी घंटा वाजतात आणि कामे थांबतात. चर्चमध्ये बाकांच्या रांगा जवळजवळ नाहीतच. मुले जमिनीवर बसतात. शुभ्र झगे घातलेले बंधू मध्यभागी, मुलांच्यामध्येच, पुढे तोंड करून बसतात. व्यासपीठावरून मुलांकडे पाहणारा, त्यांच्यावर लक्ष ठेवणारा कोणी नसतो. मोठी माणसे आणि मुले एकाच दिशेला पाहत असतात. ही रचना दिसायला क्षुल्लक आहे. पण ज्या वयात मुलाला आपल्याकडे सतत कोणीतरी रोखून पाहत आहे असे वाटते, त्या वयात तिचे मोल मोठे आहे.

मग गाणे सुरू होते. एक-दोन ओळींचे पद, आणि तेच पुनःपुन्हा, पाच मिनिटे, सात मिनिटे. निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या मुलांना एकत्र गाता यावे म्हणून ही पद्धत १९७० नंतरच्या दशकात घडविली गेली. बंधूंपैकी एकाने शब्द निवडावेत आणि पॅरिसमधील संगीतकार झाक बेर्तिए यांनी त्यांना चाल द्यावी, असा हा उद्योग बेर्तिए यांच्या १९९४ मधील निधनापर्यंत चालला. कितीतरी पदे लॅटिनमध्ये रचली गेली. लॅटिन आता कोणाचीच मातृभाषा नाही. त्यामुळे पोलंडचा मुलगा आणि पोर्तुगालची मुलगी दोघेही सारखेच परके आणि सारखेच घरचे ठरतात. आपल्या महाराष्ट्रात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी नेमका उलटा मार्ग धरला होता. ख्रिस्ताची भक्ती मराठी माणसाच्या ओठी यावी म्हणून त्यांनी अभंग आणि भजने रचली. मार्ग दोन, पण अडचण एकच ओळखलेली : परक्या घाटाची, लांबलचक, दुसऱ्याने लिहून दिलेली प्रार्थना तोंडाने म्हणता येते, मनात उतरत नाही. नामस्मरणाची सवय असलेल्या मराठी वाचकाला पुनरावृत्तीचे कारण वेगळे सांगायला नको. पहिल्या दहा वेळा शब्दांकडे लक्ष असते. पुढे शब्द आपोआप चालू राहतात आणि त्यांच्याखाली दडलेले मन हळूहळू वर येते.

गाण्यानंतर बायबलमधील छोटा उतारा वाचला जातो आणि मग मौन सुरू होते. साधारण आठ-दहा मिनिटे कोणी काही बोलत नाही. उन्हाळ्यात कित्येक हजार मुले एकाच वेळी तेथे असतात, हे लक्षात घेतले म्हणजे या मौनाचा विस्तार ध्यानी येतो. या वेळात काय करावे, याची आज्ञा नाही. पहिल्या दिवशी मुले चुळबुळतात, खोकतात, शेजाऱ्याकडे पाहतात. प्रार्थना तीन वेळा आणि मुक्काम बहुधा आठवड्याचा, म्हणजे असे मौन जवळजवळ वीस वेळा वाट्याला येते. मुलांना शांत बसणे जमत नाही, हा मोठ्यांचा लाडका समज तेथे टिकत नाही. बहुधा आपणच त्यांना शांत बसण्याइतकी उसंत देत नाही.

१५ ते १७ वयाची मुले आपल्या गावातील प्रौढ मार्गदर्शकांबरोबर येतात आणि त्यांचे गट वेगळे असतात. सकाळी एखादा बंधू बायबलमधील प्रसंग थोडक्यात उलगडतो. त्यानंतर मुले लहान गटांत बसून आपसांत बोलतात. शुक्रवारी रात्री क्रूस जमिनीलगत आडवा ठेवला जातो आणि ज्याला वाटेल तो गुडघे टेकून लाकडावर कपाळ ठेवतो. मनावरचे ओझे ख्रिस्ताच्या स्वाधीन करण्याची ही खूण. मनातले सांगण्यासाठी शब्द न सापडणाऱ्या वयाला ही देहाची प्रार्थना जवळची वाटते. शनिवारी रात्री हातोहाती मेणबत्त्या पेटतात.

संध्याकाळची प्रार्थना संपल्यावर काही बंधू चर्चमध्येच थांबतात. ज्याला बोलायचे असेल त्याने त्यांच्याजवळ जावे. घरातील भांडणे, परीक्षेतील अपयश, देव आहे की नाही ही शंका, सारे तेथे निघते. आपण कोणाचे आध्यात्मिक गुरू नाही, केवळ ऐकणारे आहोत, अशी ब्रदर रॉजर यांची धारणा होती आणि ती पाळणे अत्यंत अवघड होते. कारण उत्तर तयार असताना गप्प राहणे वडीलधाऱ्यांना साधत नाही.

असा विश्वास मुलांनी टाकला, की जबाबदारीही तितकीच जड होते. २०१९ च्या जूनमध्ये संघप्रमुख ब्रदर आलोईस यांनी स्वतःच जाहीर केले, की १९५० ते १९८० च्या दशकांत तीन बंधूंकडून अल्पवयीनांवर लैंगिक अत्याचार झाल्याच्या पाच तक्रारी संघाकडे आल्या आहेत. त्या बंधूंपैकी दोघे पूर्वीच वारले होते. संघाने हे प्रकरण सरकारी वकिलांकडे सोपविले. आपल्या किशोरवयीन मुलांना कोणत्याही धर्मस्थळी पाठविणाऱ्या आईवडिलांनी हा भाग वगळून तेझेची गोष्ट वाचू नये. पावित्र्याचे वातावरण ही सुरक्षिततेची हमी नव्हे, आणि संस्थेची परीक्षा ती आपला दोष झाकते की उघड करते यावर होते. संघाने तो उघड केला. पण ज्यांना सोसावे लागले त्यांच्यासाठी तो फार उशिरा उघड झाला.

आणखी एक घाव याआधीच बसला होता. १६ ऑगस्ट २००५ च्या संध्याकाळी, प्रार्थना चालू असताना, मनाचा तोल ढळलेल्या एका स्त्रीने ब्रदर रॉजर यांच्यावर चाकूने वार केले. ते ९० वर्षांचे होते. चर्चमध्ये सुमारे अडीच हजार लोक होते आणि त्यांतील बहुतेक तरुण होते. ब्रदर आलोईस तेव्हा जर्मनीतील कोलोन येथे तरुणांच्या मेळाव्यात होते. तेथून ते धावत आले. २३ ऑगस्टला अंत्यविधी झाला. त्या वेळी आलोईस यांनी मारेकरी स्त्रीचे नाव घेऊन, ख्रिस्ताने क्रूसावरून उच्चारलेल्या क्षमेच्या शब्दांचे स्मरण करीत, तिच्यासाठी देवाकडे क्षमा मागितली. शत्रूंसाठी प्रार्थना करा, हे वाक्य मुलांनी धर्मशिक्षणाच्या वर्गात अनेकदा ऐकले असेल. त्या दिवशी त्यांनी ते घडताना पाहिले.

तेझेवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : टेकडीवर मुले भारावतात आणि घरी परतल्यावर गावातील चर्च त्यांना अधिकच नीरस वाटते. आक्षेप खोटा नाही. संघाने त्याचे उत्तर सदस्यनोंदणी करून किंवा शाखा काढून दिले नाही. ब्रदर रॉजर यांना आपल्या नावाची चळवळ नकोच होती. मुलांनी आपापल्या गावच्या चर्चमध्येच परतावे, असा त्यांचा आग्रह होता. त्याऐवजी बंधूच मुलांच्या मुलखात जाऊ लागले. भारतातही असे मेळावे झाले : १९८५ च्या अखेरीस मद्रास येथे, आणि २००६ च्या ऑक्टोबरमध्ये कोलकात्यात, जेथे सुमारे ६,००० तरुण जमले. मदर तेरेसा आणि ब्रदर रॉजर यांचा स्नेह १९७६ पासूनचा. दोघांनी मिळून प्रार्थनेवर पुस्तकेही लिहिली.

युरोपात १९७८ पासून दर वर्षअखेरीस एखाद्या मोठ्या शहरात तरुणांची यात्रा भरते. हॉटेले घेतली जात नाहीत. त्या शहरातील कुटुंबे अनोळखी मुलांना आपल्या घरी ठेवून घेतात. जमिनीवर अंथरूण पसरण्यापुरती जागा असली तरी पुरते. सकाळी मुले त्या वस्तीतील चर्चमध्ये जातात आणि तेथील रहिवाशांबरोबर तीच छोटी पदे गातात, त्याच मौनात बसतात. १ जानेवारीच्या दुपारी यजमानांच्या घरी सर्वांचे एकत्र जेवण होते. भाषा जुळत नसल्याने बोलणे बहुतेक हातवाऱ्यांनीच चालते, आणि जेवणानंतर मुले आपली अंथरुणे गुंडाळून परतीच्या वाटेला लागतात.