अर्ली डिसिजन की रेग्युलर? अमेरिकन कॉलेजच्या फॉर्ममध्ये प्लॅन निवडण्याआधी हे वाचा

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत माझी मावसबहीण लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. बारावीत होती आणि ग्रॅज्युएशन अमेरिकेतच करायचं हे तिने पक्कं ठरवलं होतं. कॉमन ॲप या साइटवर तिचा फॉर्म जवळजवळ भरून झाला होता. ॲडमिशन प्लॅनच्या ड्रॉपडाउनमध्ये तिने ‘अर्ली डिसिजन’ निवडलं होतं. मी विचारलं, हेच का? तर म्हणाली, “दादा, यात चान्स जास्त असतो म्हणे.”

शेजारी काका बसले होते. पालकांची सही हवी म्हटल्यावर ते सही करायला तयारच होते, मोबाइलवर ॲप टाकताना आपण ‘आय ॲग्री’ दाबतो ना, तसे. मी म्हटलं, जरा थांबा.

कोणता प्लॅन म्हणजे काय?

- अर्ली डिसिजन: मुदत बहुधा १ किंवा १५ नोव्हेंबर, निकाल डिसेंबरच्या मध्यात. हा बंधनकारक असतो. म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं आणि बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे. त्यामुळे हा अर्ज एका वेळी एकाच कॉलेजला करता येतो.
- अर्ली डिसिजन टू: बंधन तेच, पण मुदत जानेवारीच्या सुरुवातीला आणि निकाल फेब्रुवारीत. काहीच कॉलेजांमध्ये असतो.
- अर्ली ॲक्शन: अर्ज लवकर, निकालही लवकर, पण बंधन नाही. एमआयटीमध्ये हा आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्डमध्ये याचाच कडक प्रकार आहे. तिथेही जाण्याची सक्ती नाही, पण त्याच वेळी दुसऱ्या खासगी कॉलेजांना अर्ली अर्ज करण्यावर बंधनं येतात.
- रेग्युलर डिसिजन: मुदत साधारण जानेवारीच्या सुरुवातीला, निकाल मार्चअखेरपर्यंत. कोणती ऑफर घ्यायची ते सहसा १ मेपर्यंत कळवायचं.

मग चान्स खरंच जास्त असतो का?

बऱ्याच कॉलेजांमध्ये अर्ली डिसिजनची टक्केवारी जास्त दिसते, हे खरं आहे. कारण सोपं आहे: हो म्हटलं की हा विद्यार्थी येणारच, याची कॉलेजला खात्री असते. पण त्या आकड्यात खेळाडू म्हणून कॉलेजने आधीच हेरलेली मुलं असतात. काही ठिकाणी माजी विद्यार्थ्यांची मुलंही असतात. त्यामुळे ती टक्केवारी जशीच्या तशी आपल्याला लागू होत नाही.

खरा प्रश्न पैशांचा आहे

अमेरिकेतल्या अनेक नामांकित खासगी कॉलेजांचा राहण्या-खाण्यासकट खर्च आता वर्षाला ९० हजार डॉलरच्या आसपास गेलाय. डॉलर ८५ रुपये धरला तर वर्षाचे ७६ लाखांहून जास्त, आणि कोर्स चार वर्षांचा! हा हिशोब मी कागदावर मांडला तेव्हा काकांनी चष्मा काढून ठेवला.

माझ्या बहिणीने ‘आर्थिक मदत हवी का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर दिलं होतं. तिचा विचार असा, की आधी प्रवेश तर मिळू दे, मदत नंतर मागू. पण बऱ्याच कॉलेजांमध्ये परदेशी विद्यार्थ्याने सुरुवातीला मदत मागितली नाही, तर नंतर मागताच येत नाही.

‘हो’ लिहिलं तर? हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ अशी मोजकी कॉलेजं परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली म्हणून त्याला निवडीत मागे टाकत नाहीत. बाकी बहुतेक ठिकाणी त्या उत्तराचा निवडीवर परिणाम होऊ शकतो. पण म्हणून खोटं ‘नाही’ लिहून चार वर्षांचा खर्च अंगावर घ्यायचा का?

अर्ली डिसिजनमध्ये दिलेली मदत खरोखरच पुरत नसेल, तर कॉलेज बंधनातून मोकळं करू शकतं. पण तुलना करायला तेव्हा हातात दुसरी ऑफर नसते, आणि रेग्युलरची मुदत जेमतेम दोन आठवड्यांवर असते.

आपल्याकडच्या मुलांनी हेही बघा

- अर्ली डिसिजनच्या करारावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा काउन्सेलर अशा तिघांच्या सह्या लागतात. आपल्या अनेक ज्युनिअर कॉलेजांत काउन्सेलरच नसतो. मग ते काम प्राचार्य किंवा एखाद्या शिक्षकांना करावं लागतं. त्यांना हा करार आधी नीट समजावून सांगा.
- नववी-दहावीच्या मार्कशीट शाळेतून आणि अकरावीची ज्युनिअर कॉलेजमधून, अशा दोन ठिकाणच्या फेऱ्या होतात. दिवाळीच्या सुट्टीत ऑफिस बंद असतं, म्हणून सप्टेंबरमध्येच कामाला लागा.
- कॉमन ॲपवर मुदत तुमच्या स्थानिक वेळेनुसार रात्री ११:५९ ला संपते. ‘अमेरिकेत अजून दिवस आहे’ या भरवशावर राहू नका.
- डिसेंबरमध्ये नकार येऊ शकतो, किंवा अर्ज पुढे रेग्युलरमध्ये ढकलला जाऊ शकतो. म्हणून बाकीचे अर्ज आधीच तयार ठेवा, नाहीतर बारावीच्या अभ्यासात निबंध लिहीत बसाल.

मग ठरवायचं कसं?

घरच्यांसोबत बसून तीन प्रश्न विचारा. जगातलं कुठलंही कॉलेज मिळालं, तरी मी हेच निवडेन का? दुसरी ऑफर न बघता इथला खर्च आम्हाला झेपेल का? आणि माझा अर्ज नोव्हेंबरपर्यंत खरंच उत्तम तयार होईल का? तिन्हींना ‘हो’ असेल तर अर्ली डिसिजन बिनधास्त करा. एकाला जरी ‘नाही’ असेल तर अर्ली ॲक्शन किंवा रेग्युलर बरं.

माझ्या बहिणीचं दुसऱ्या प्रश्नावर अडलं. काका हळूच म्हणाले, “आधी सांगायला हवं होतं गं, माझ्याच्याने इतकं नाही होणार.” अर्ज सबमिट व्हायचा होता, त्यामुळे प्लॅन बदलता आला. तिने त्याच कॉलेजला रेग्युलरमधून अर्ज केला आणि आर्थिक मदतीला ‘हो’ लिहिलं.

मार्चमध्ये तिथून नकार आला. दोन दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. अर्ली डिसिजन केलं असतं तर मिळालं असतं का? कोण जाणे. पण एप्रिलमध्ये तिच्याकडे दुसऱ्या दोन कॉलेजांच्या ऑफर होत्या. दोन्हींचे आकडे शेजारी शेजारी मांडून ती आणि काका एका संध्याकाळी हिशोब करत बसले. या वेळी सही करण्याआधी काकांनी प्रत्येक ओळ वाचली.