मुलग्यांच्या छातीचा उभार : संकोच सोडा, तपासणी करा

नववी-दहावीतला मुलगा अचानक पोहायला जाणे बंद करतो. ऐन उन्हाळ्यातही सैल शर्टाच्या आत जाड बनियन घालतो, खांदे पुढे झुकवून चालतो, शाळेच्या सहलीला नकार देतो. अभ्यासाचा ताण असावा, असा घरच्यांचा समज होतो. प्रत्यक्षात आपली छाती मुलीसारखी दिसू लागली आहे, या एकाच विचाराने तो ग्रासलेला असतो. पुरुषांच्या स्तनग्रंथींची अशी वाढ होण्याला वैद्यकीय परिभाषेत 'गायनेकोमॅस्टिया' म्हणतात. वयात येणाऱ्या निम्म्याहून अधिक मुलग्यांमध्ये ती कमी-अधिक प्रमाणात आढळते. तरीही घरात याविषयी चकार शब्द निघत नाही.

असे का होते?

स्तनग्रंथींचा अंश जन्मतः मुलगा आणि मुलगी या दोघांतही असतो. इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे ही ग्रंथी वाढते, तर टेस्टोस्टेरॉनमुळे तिच्या वाढीला आळा बसतो. पुरुषाच्या शरीरातही थोडे इस्ट्रोजेन तयार होतच असते. या दोहोंचा तोल बिघडला की छातीला उभार येतो. आयुष्यात तीन वेळा हा तोल नैसर्गिकरीत्याच ढळतो: जन्मानंतरचे काही आठवडे, पौगंडावस्था आणि उतारवय. नवजात बाळात आईकडून आलेल्या संप्रेरकांमुळे सूज दिसते आणि ती आपोआप ओसरते. मालिश करताना बाळाची छाती पिळण्याची प्रथा मात्र घातक आहे, कारण त्यामुळे जंतुसंसर्ग होऊन गळू होऊ शकते.

पौगंडावस्थेतील वाढ साधारणतः तेराव्या-चौदाव्या वर्षी ठळक होते. स्तनाग्राच्या खाली रबरासारखी, किंचित दुखरी चकती हाताला लागते. ती एकाच बाजूला असू शकते किंवा दोन्ही बाजूंना लहान-मोठी असू शकते. सहा महिने ते दोन वर्षांत बहुतांश मुलांमध्ये ती विरून जाते. हस्तमैथुनाशी या वाढीचा काहीही संबंध नाही. या गैरसमजापोटी कित्येक मुले स्वतःलाच दोषी मानत राहतात.

चरबी की ग्रंथी?

स्थूल मुलांच्या छातीवर केवळ चरबी साठलेली असू शकते. अशा वेळी बोटांना चकती लागत नाही, सर्वत्र सारखाच मऊपणा जाणवतो. वजन घटले की हा उभारही कमी होतो. ग्रंथीची वाढ मात्र व्यायामाने जात नाही. हे ठाऊक नसल्याने तरुण व्यायामशाळेत तासन्‌तास घाम गाळतात आणि निराश होतात. काही जण पिळदार शरीराच्या हव्यासापायी स्टेरॉइडची इंजेक्शने घेतात. बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनचे शरीरात, विशेषतः चरबीत, इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होते आणि छाती अधिकच वाढते.

औषधे आणि आजार

काही औषधांमुळेही हा त्रास उद्भवतो. हृदय आणि यकृताच्या रुग्णांना दिले जाणारे स्पायरोनोलॅक्टोन, बुरशीविरोधी कीटोकोनॅझोल, मानसिक आजारांवरील रिस्पेरिडोन, केस गळू नयेत म्हणून तरुण घेतात ते फिनास्टेराइड ही त्यांतली काही. अशी औषधे परस्पर बंद करू नयेत. पर्याय सुचवण्याचे काम डॉक्टरांचे आहे. यकृताचा सिरॉसिस, मूत्रपिंडाचा जुनाट आजार आणि थायरॉइडची अतिक्रियाशीलता हीदेखील कारणे असू शकतात.

दोन कारणे विशेष लक्षात ठेवावीत. पहिले, वृषणाची गाठ. हा कर्करोग तरुण वयात होतो आणि वेळीच निदान झाल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात. दुसरे, 'क्लाइनफेल्टर सिंड्रोम'. यात मुलग्याच्या पेशींत एक जादा एक्स गुणसूत्र असते. साधारण ६०० मुलग्यांमागे एकात हा दोष आढळतो. उंची जास्त, दाढी-मिशी विरळ आणि वृषण लहान ही त्याची लक्षणे. अनेकांना मात्र लग्नानंतर मूल होत नाही, तेव्हाच त्याचा पत्ता लागतो. म्हणूनच छातीची तक्रार घेऊन आलेल्या तरुणाच्या वृषणांचीही तपासणी व्हायलाच हवी. गरजेनुसार रक्तातील संप्रेरके, यकृत, मूत्रपिंड व थायरॉइडच्या चाचण्या आणि सोनोग्राफी केली जाते.

उपचार कोणते?

वयात येणाऱ्या निरोगी मुलात बहुधा धीर देणे आणि दर काही महिन्यांनी तपासणे एवढाच उपचार असतो. वेदना फार असतील, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली टॅमॉक्सिफेनसारखे औषध काही काळ देता येते. त्याचा उपयोग सुरुवातीच्या महिन्यांतच होतो. वर्षभरानंतर ग्रंथीत तंतुमय उती तयार होतात आणि मग औषध फारसे लागू पडत नाही.

वाढ टिकून राहिली आणि मनाला जाचू लागली, तर शस्त्रक्रियेचा पर्याय आहे. स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या कडेने छेद घेऊन ग्रंथी काढली जाते आणि लायपोसक्शनने चरबी शोषून घेतली जाते. त्यानंतर काही आठवडे घट्ट बनियनसारखा दाबपट्टा वापरावा लागतो. रक्त साकळणे, छातीला खळगा पडणे, स्तनाग्राची संवेदना कमी होणे असे धोके असतात, त्यामुळे अनुभवी प्लास्टिक सर्जनची निवड महत्त्वाची ठरते. सैन्यदलांच्या भरतीत या कारणावरून तात्पुरते अपात्र ठरलेले तरुण घाईने शस्त्रक्रियेकडे वळतात. त्यांनीही आधी मूळ कारणाची तपासणी करून घेणे हिताचे आहे.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

गाठ कठीण असेल, स्तनाग्रापासून बाजूला असेल, स्तनाग्रातून रक्त किंवा स्राव येत असेल, वाढ झपाट्याने होत असेल किंवा वृषणात गाठ जाणवत असेल, तर एक दिवसही थांबू नये. वयात येण्यापूर्वीच छाती वाढू लागली, तरी तपासणी आवश्यक आहे. पुरुषांमध्ये स्तनाचा कर्करोग विरळा असला, तरी तो होतो.

घरातील मोठ्या माणसांनी या विषयावर थट्टा कटाक्षाने टाळावी. वडिलांनी किंवा मोठ्या भावाने मुलाला विश्वासात घेऊन, हे अनेकांना होते आणि बहुधा आपोआप जाते, एवढे सांगितले तरी त्याच्या मनावरचा भार हलका होतो. मग तो डॉक्टरांकडेही निःसंकोचपणे जाईल.