एकटीनं शहर बघायचं तर…

आपण बायका पंढरपूर-तुळजापूरला जातो, लेकीच्या बाळंतपणाला जातो. पण नुसतं फिरायला, तेही एकटीनं? "लोक काय म्हणतील?" इथंच गाडी अडते. आमच्या गटांतल्या काहीजणी स्वतःच्या बचतीतून एकेकट्या मुंबई बघून आल्या. त्यांच्याकडून आम्ही जे शिकलो, ते सांगतो.

सोलापुरातून रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेस निघते, सकाळी मुंबईत पोचवते. परतीचं तिकीटही आधीच काढा. खोली फोनवर ठरवतानाच "एकटी बाई आहे, खोली मिळेल ना?" असं विचारून घ्या. आधारकार्ड जवळ ठेवा. सगळे पैसे एकाच पर्समध्ये नकोत, थोडे आतल्या बटव्यात ठेवा. मोबाईलची बॅटरी संपते, म्हणून घरचे नंबर कागदावर लिहा.

लोकलमध्ये बायकांचा डबा वेगळा असतो. फास्ट गाडी सगळ्या स्टेशनांवर थांबत नाही. राणीबाग बघायची तर सीएसएमटीहून स्लो लोकलनं भायखळ्याला उतरा. बाग बुधवारी बंद असते. वाट पोलिसाला, दुकानदाराला, डब्यातल्या बाईला विचारा, लाजू नका. अडचण आली तर ११२ लावा, रेल्वेत १३९.

उद्या दुबई-सिंगापूरला जायचं झालं तरी सवयी ह्याच. फक्त पासपोर्टची झेरॉक्स वेगळ्या पिशवीत आणि तिथल्या भारतीय वकिलातीचा पत्ता, फोन कागदावर हवा.

कुठं उतरणार, कधी परतणार, हे घरी सांगून जा. सांगून जाणं वेगळं आणि परवानगी मागणं वेगळं. पुढच्या बैठकीत यावर जरूर बोला.