उकिडवं बसताना खुब्यात काय घडतं

दाराच्या चौकटीला दोन्ही हातांनी धरा, पावलं खांद्यांइतकी फाकवा, चवडे किंचित बाहेर वळवा आणि सावकाश उकिडवे बसा. तालमीतल्या बैठकीत टाचा उचलतात, इथे त्या जमिनीलाच टेकलेल्या राहू द्या. अर्धा मिनिट थांबा. दिसायला एवढंच, पण तेवढ्यात खुब्यात जे घडतं त्यानं मी थक्क होतो.

खुबा म्हणजे उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातल्या खोलगट उखळीत फिरतो. पुढच्या बाजूनं त्याला एक जाड, दुफाटा अस्थिबंध आवळून धरतो. अख्ख्या शरीरातला हा सर्वांत बळकट अस्थिबंध मानतात. आपण ताठ उभे राहिलो की तो धुणं पिळावं तसा पिळला जातो आणि माथा उखळीत घट्ट रुततो. म्हणूनच रेशनच्या रांगेत तासभर उभं राहिलं तरी नितंबांच्या स्नायूंना फारसे कष्ट पडत नाहीत. मांडी पोटाकडे येऊ लागली की हा पीळ उलगडतो, सांधा सैलावतो. आतल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या वंगणातून होतं, आणि ते वंगण आत-बाहेर खेळतं ते दाब पडला आणि सुटला तरच. दिवसभर खुर्चीत एकाच कोनात अडकलेल्या खुब्याला हा खेळ मिळत नाही.

आता टाचांवर जोर देऊन उठा. शरीरातला सर्वांत मोठा स्नायू, नितंबाचा, इथे कामाला लागतो. सपाट रस्त्यावर चालताना तो जेमतेमच राबतो. त्याला चढ, जिना, धावणं किंवा असं खालून उठणं लागतं. निव्वळ चालण्यावर भिस्त ठेवणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही, याची मला खंत वाटते.

टाचा उचलल्या जातायत? दोष बहुधा घोट्याचा. टाचांखाली घडी केलेली सतरंजी सरकवा. घोटा या बैठकीशी किती जोडलेला आहे ते हाडांवरही दिसतं: हॅवलॉक चार्ल्स या शरीररचनातज्ज्ञानं 1893 साली पंजाबी लोकांच्या पायांच्या हाडांचं वर्णन प्रसिद्ध केलं. घोट्याच्या पुढच्या कडेला, जिथे नडगीचं हाड खालच्या हाडाला टेकतं, तिथे त्याला गुळगुळीत चकत्या आढळल्या. उकिडवं बसण्याच्या सवयीनं हाडावर उमटलेल्या खुणा!

किती खाली जायचं हे मात्र ज्याच्या त्याच्या हाडांवर. कुणाची उखळ खोल, कुणाची उथळ. कुणाची जास्त पुढे वळलेली. जांघेत चिमटा बसला तर तिथेच थांबा, पावलं आणखी फाकवून पाहा. खुबा बदललेल्यांनी आणि गुडघे झिजलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. बाकीच्यांनी आठ-दहा वेळा, दिवसाआड करावं. हातांवरचा भार आपोआप कमी होऊ लागला की चौकट सोडून द्यावी.