चरबीतील पेशी आणि कष्टकऱ्याचा हात

कमावणारे हात दोन आणि खाणारी तोंडे सहा, अशा घरात एका बोटाला इजा झाली तरी घराचा जमाखर्च कोलमडतो. पॉवर प्रेस, कडबाकुट्टी, मळणीयंत्र, रसवंतीचा चरक, हात सापडण्याच्या या जागा आपल्याला चांगल्या ठाऊक आहेत. टाके निघतात, जखम भरते, पण मूठ वळत नाही. मग माणूस इलाज शोधत फिरतो. ‘पोटाची चरबी काढू, तिच्यातल्या मूळपेशी हातात सोडू, हात पहिल्यासारखा होईल’ असे कोणी सांगितले की त्याला आशा वाटणारच. या सांगण्यात शास्त्र किती आणि व्यापार किती, हे प्रत्येक कुटुंबाने समजून घेतले पाहिजे.

हात का आखडतो?

बोटे वाकवणाऱ्या दोऱ्यांना कंडरा म्हणतात. बोलीत आपण त्यांना शिरा म्हणतो. त्या बोटातील अरुंद नळीतून मागेपुढे सरकतात. तुटलेली कंडरा डॉक्टरांनी जोडली, तरी जखम भरताना ती आजूबाजूच्या भागाला चिकटते. दोरी शाबूत असूनही बोट हलत नाही, ते यामुळे. मज्जातंतूची अडचण वेगळी. जोडलेला तंतू दिवसाला सुमारे 1 मिलिमीटर वाढतो. त्यामुळे मनगटापाशी कापलेल्या तंतूची जाणीव बोटाच्या टोकापर्यंत यायला कित्येक महिने लागतात.

चरबीत काय सापडले?

चरबी म्हणजे शरीरातील निरुपयोगी साठा, असा आपला समज. 2001 साली अमेरिकेतील संशोधिका पॅट्रिशिया झुक व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, माणसाच्या चरबीत काही वेगळ्या पेशी असतात आणि प्रयोगशाळेत त्यांच्यापासून हाड, कूर्चा, स्नायू यांच्यासारख्या पेशी तयार होऊ शकतात. चरबी नळीने ओढून घेता येते आणि रुग्णाची स्वतःचीच असते. म्हणून संशोधकांचे लक्ष तिकडे वळले.

या पेशी जाऊन नवा हात घडवत नाहीत. त्या काही द्रव्ये सोडतात. त्यामुळे सूज कमी व्हावी, बारीक रक्तवाहिन्या वाढाव्यात आणि व्रण मऊ राहावा, अशी अपेक्षा आहे. म्हणजे त्यांचे काम मदतनिसाचे. कंडरा आणि मज्जातंतू यांवरचे बरेचसे प्रयोग उंदीर, ससे अशा प्राण्यांवर झालेले आहेत.

माणसांच्या हातावर काय दिसले?

फ्रान्समधील मार्सेय येथे त्वचा कडक होऊन बोटे आखडणाऱ्या स्क्लेरोडर्मा या आजारात, 12 रुग्णांच्या बोटांत अशा पेशी सोडल्या. रुग्णांना बरे वाटले, वेदना कमी झाल्या. पुढे 40 रुग्णांची कसून चाचणी झाली. काहींना पेशी दिल्या, काहींना नुसते औषधविरहित द्रावण. सुधारणा दोन्ही गटांत दिसली, पण पेशींचा वेगळा फायदा सिद्ध झाला नाही. अमेरिकेत 88 रुग्णांच्या चाचणीतही मुख्य कसोटीवर ठाम फरक दिसला नाही. हा आजार म्हणजे अपघात नव्हे, हे खरे. पण बरे वाटणे आणि उपचार सिद्ध होणे यांतील अंतर यावरून कळते.

धोकाही आहेच. अमेरिकेत 2015 साली एका क्लिनिकने तीन स्त्रियांच्या डोळ्यांत चरबीतून काढलेल्या पेशी टोचल्या. तिघींची दृष्टी गेली किंवा फारच अधू झाली.

पैसे देण्यापूर्वी विचारा

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या व तत्सम काही रोगांवरील ठराविक रोपण सोडले तर मूळपेशींचा वापर परवानगी असलेल्या चाचणीतच व्हायला हवा. म्हणून चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा. नैतिकता समितीची मंजुरी आहे का, ते विचारा. संमतीपत्र मराठीत मागा, त्याची प्रत घरी आणा. ‘चाचणी’ म्हणून कोणी हजारो रुपये मागत असेल, तर पाठ फिरवा.

आज हाताशी काय आहे?

हात कापला तर वेळ न घालवता हाताची शस्त्रक्रिया होते अशा मोठ्या रुग्णालयात जा. तुटलेले बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका. कामावर अपघात झाला असेल तर त्याची लेखी नोंद करून घ्या, भरपाईच्या वेळी तीच उपयोगी पडते. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी सांगितलेली पट्टी आणि व्यायाम चुकवू नका. बसभाड्याचे पैसे नाहीत, रोज बुडतो म्हणून आपली माणसे व्यायामाला जाणे सोडतात आणि तिथेच बोट कायमचे आखडते. शेजाऱ्याला व्यायामासाठी दवाखान्यात सोबत नेणे, त्याच्या घरी दोन दिवसांचे धान्य पोचवणे, हेही उपचारच आहेत.

चरबीतील पेशींचे संशोधन पुढे जावो. ते सिद्ध होईल तेव्हा आपल्या सरकारी दवाखान्यातही मिळाले पाहिजे, अशी मागणी आपण करूच. तोवर मात्र दागिने गहाण ठेवून आशा विकत घेऊ नका.