बिल्ला कोणाचे किरण मोजतो?

आमच्या वणीहून पिंपळगाव बसवंतमार्गे लासलगावला जा. कांद्याच्या या गावात भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली सुरू केलेले ‘कृषक’ हे विकिरण केंद्र आहे. तेथे कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी कांद्याला मोड येणे थांबवतात. २००७ साली अमेरिकेला गेलेले आंबेही येथूनच किरण खाऊन गेले!

असे काम करणाऱ्यांच्या छातीवर एक बिल्ला असतो. त्यात कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. किरणांची ऊर्जा त्या साठवून ठेवतात आणि प्रयोगशाळेत तापवल्या की प्रकाशाच्या रूपाने परत देतात. प्रकाश जितका जास्त, तितकी किरणांची मात्रा जास्त. कामातून मिळणारी मात्रा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टच्या आत हवी, असा अणुऊर्जा नियामक मंडळाचा दंडक आहे.

आता समजा, अशाच एखाद्या कामगाराच्या हाडांच्या तपासणीसाठी डॉक्टरांनी त्याला टेक्नेशियम-९९ एम टोचले आणि गडी त्याच दिवशी रात्रपाळीला हजर झाला. त्याच्या अंगातून निघणारे गॅमा किरण थेट बिल्ल्यावर पडणार. ताप आलेल्या माणसाने काखेत तापमापी धरून खोलीचे तापमान सांगावे, तसा हा प्रकार!

तपासणीसाठी किंवा उपचारासाठी घेतलेली मात्रा कामाच्या हिशेबात धरत नाहीत. मग बिघडते कुठे? एक तर त्याच्या नावावर नसती मात्रा चढते. दुसरी गोष्ट मला अधिक धोक्याची वाटते. उद्या कामावर खरोखरच किरण लागले, तरी ‘औषधाचेच असेल’ म्हणून सगळे स्वस्थ बसतील.

म्हणून त्याने सुरक्षा अधिकाऱ्याला आधीच सांगायचे: कोणते द्रव्य, किती आणि कधी. रोगाचे नाव सांगण्याची गरज नाही. अंगाजवळ मापक धरून किरण पुरेसे ओसरल्याचे दिसेपर्यंत त्याला किरणांपासून दूरचे काम द्यावे आणि बिल्ला खुंटीवरच राहू द्यावा. बिल्ला काढून किरणांच्या कामाला जाणे मात्र आत्मघातच.

किती दिवस थांबायचे? टेक्नेशियमचे अर्धायुष्य ६ तास. म्हणजे २४ तासांत सोळावा भाग उरतो आणि दोन दिवसांत २५६ वा. थायरॉइडच्या उपचारासाठी देतात ते आयोडीन-१३१ मात्र चिवट, त्याचे अर्धायुष्य ८ दिवस! २४ दिवसांनीही आठवा भाग शिल्लक. शरीर लघवीवाटे बरेच बाहेर टाकते, म्हणून प्रत्यक्षात घट याहून लवकर होते. तेव्हा सर्वांना एकच मुदत लावून चालत नाही.

आणि चुकून बिल्ला लावलाच गेला तर? बिल्ल्यासोबत तशी चिठ्ठी पाठवावी. एक चकती धातूच्या पडद्याआड, दुसरी प्लास्टिकआड आणि तिसरी उघडी असते. टेक्नेशियमचे किरण १ लाख ४० हजार इलेक्ट्रॉन व्होल्टचे, तर कोबाल्टचे ११ लाखांच्या वरचे. त्यामुळे तीन चकत्यांच्या नोंदींचे प्रमाण बदलते आणि तपासणाऱ्याला माग लागतो.

जाता जाता एक गणित: शरीराची मदत सोडून दिली, तर आयोडीन-१३१ हजाराव्या भागापेक्षा कमी उरायला किती दिवस लागतील? आधी स्वतः करून पाहा, मग सरांना विचारा.